‘तो निर्दोष आहे’ आणि ‘त्याने बरोबर केलं’

‘आमची मुलगी एका खुन्याची भक्त झाली आहे. हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?’ समुपदेशनाला येणारे आई-वडील हल्ली हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. आरोपी बदलतात, घरातलं भांडण मात्र तेच राहतं. पुढे दिलेल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी 20 वर्षांची, कॉलेजात शिकणारी. भांडणाचा विषय लुईजी मँजिओनी. 4 डिसेंबर 2024 रोजी न्यूयॉर्कमध्ये युनायटेडहेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची भररस्त्यात गोळ्या झाडून हत्या झाली. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनामध्ये मँजिओनीला अटक झाली. त्याने आरोप नाकारले आहेत. घटनास्थळी मिळालेल्या काडतुसांवर ‘डिले’, ‘डिनाय’ आणि ‘डिपोज’ हे शब्द लिहिलेले होते. विम्याचे दावे लांबवणाऱ्या, नाकारणाऱ्या कंपन्यांवरचा राग लोकांनी त्यात वाचला. कोर्टाबाहेर समर्थक जमू लागले आणि वकिलांच्या खर्चासाठी 10 लाख डॉलरपेक्षा जास्त वर्गणी गोळा झाली.

इकडे घरात मुलगी रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहायची. कपाटाच्या दारावर आरोपीचा फोटो होता. एकदा जेवताना वडिलांनी विचारलं, ‘उद्या कुणी तुझ्या बापाला गोळी घातली तर?’ त्या दिवसापासून दोघांत अबोला.

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो हमखास उलटतो. विचारणाऱ्याला वाटतं, आपण मृताबद्दल करुणा जागी करतोय. ऐकणाऱ्याला मात्र ‘तू निर्दयी आहेस’ एवढंच ऐकू येतं. मग ती स्वतःचा बचाव करू लागते, आणि त्यासाठी आरोपीचाही बचाव तिला अधिक हिरिरीने करावा लागतो.

म्हणून पहिली बैठक फक्त पालकांची घेतली. दोन आठवडे दोन गोष्टी बंद: घरात खटल्यावर चर्चा नाही, आणि फोटो काढायला सांगायचं नाही. वडिलांना हे पटलं नाही. ‘आजकालच्या मुलांना हिरो म्हणून खुनीच सापडतात,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर मुंबईचा नानावटी खटला ठेवला. 1959 मध्ये नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजांना, गोळ्या घातल्या. ज्युरीने, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1964 मध्ये त्यांना माफी मिळाली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू लावून धरली होती, कोर्टाबाहेर गर्दी लोटत होती. ती गर्दी आजच्या आजी-आजोबांच्या पिढीची होती. हे ऐकल्यावर वडील निदान दोन आठवडे गप्प राहायला तयार झाले.

मुलीच्या बैठकीत आरोपी दोषी आहे की नाही, हा वाद घातलाच नाही. समुपदेशकाने तो वाद घेतला की तो घरातला आणखी एक मोठा माणूस होऊन बसतो. तिला एक कोरा कागद दिला आणि तीन रकाने आखायला सांगितले: दोन्ही पक्षांना मान्य असलेलं, सरकारी पक्षाचं म्हणणं, आणि माझा अंदाज. एका ओळीत एकच विधान, आणि ते कुठून कळलं तेही लिहायचं. अर्ध्या तासात तिसरा रकाना भरून कागदाच्या मागच्या बाजूला गेला. ‘सीसीटीव्हीतल्या माणसाच्या भुवया वेगळ्या आहेत, याला अडकवलंय.’ त्याखाली तीनच ओळींवर, ‘कुणीतरी हे करायलाच हवं होतं, त्याने बरोबर केलं.’

ही दोन वाक्यं एकत्र टिकत नाहीत. त्याने केलंच नसेल तर बरोबर-चूक कशाचं? आणि बरोबर केलं असेल तर भुवयांचा मुद्दा उरतोच कुठे? पण हे तिला सांगितलं नाही. दोन्ही ओळींवर खूण करून एवढंच विचारलं, ‘यातली एक खोडायची झाली तर कुठली?’ बराच वेळ पेन हलला नाही. शेवटी तिने भुवयांची ओळ खोडली.

अशा सहानुभूतीत बहुधा दोन धागे असतात आणि ते वेगळे करावे लागतात. एक रूपाचा. चांगल्या दिसणाऱ्या माणसाचे बाकीचे गुणही चांगलेच असणार असं मन धरून चालतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये याला हेलो इफेक्ट हे नाव दिलं. 1975 च्या एका अमेरिकी प्रयोगात घरफोडीच्या काल्पनिक खटल्यात देखण्या आरोपीला लोकांनी जवळपास निम्मी शिक्षा सुचवली. गुन्हा रूपाच्या जोरावर केलेल्या फसवणुकीचा असला, की ही सवलत नाहीशी व्हायची. हा धागा वरवरचा असतो, वेळ गेला की सैल पडतो.

दुसरा धागा राग. तो आरोपीच्याही आधीपासून घरात असतो. भुवयांची ओळ खोडल्यावर मुलगी आजीबद्दल बोलू लागली. आजीच्या शस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने ‘आजार आधीपासून होता’ म्हणून नाकारला होता. वडिलांनी कर्ज काढून बिल भरलं आणि त्याबद्दल घरात कधीच बोलणं झालं नाही.

वडिलांनाही तोच कागद दिला होता. त्यांचा पहिला रकाना गच्च भरलेला होता. ‘बॅगेत पिस्तूल सापडलं, म्हणजे सिद्ध झालं.’ ते सरकारी पक्षाचं म्हणणं आहे. झडती कायदेशीर होती का, यावर बचाव पक्षाचा आक्षेप होता. अटकेच्या बातमीवरून निकाल लावणारा आणि व्हिडिओवरून निर्दोष ठरवणारा, दोघेही खटल्याच्या आधीच निकाल देऊन मोकळे झालेले असतात. फरक इतकाच, की पहिल्याला घरात कुणी वेडा म्हणत नाही.

तिसरी बैठक एकत्र झाली. विषय खटल्याचा नव्हता, आजीच्या दाव्याचा होता. विमा लोकपालाकडे दाद मागता येते, पण कंपनीने नकार दिल्यापासून साधारण एक वर्षाच्या आत. ती मुदत उलटून गेली होती. मुलगी वडिलांवर चिडली, ‘तेव्हाच का नाही केलंत?’ हे भांडण त्या घरात व्हायला हवंच होतं.

व्हिडिओंसाठी साधा नियम ठरला: दिवसातून एकदा, संध्याकाळी 15 मिनिटं, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद, झोपण्यापूर्वीच्या तासात काहीच नाही. पूर्ण बंदी घातली तर मुलं दुसऱ्या नावाने खातं उघडतात.

चिंता कधी करायची? फोटो, वाद, कोर्टाच्या तारखा पाठ असणं, यांची नाही. कर्ज काढून किंवा फीच्या पैशातून वर्गणी पाठवली जात असेल, परीक्षा आणि मित्र सुटत असतील, तर समुपदेशकाकडे आणा. ‘तो कोर्टातून मला इशारे करतो’ असं वाटू लागलं असेल, ‘पुढचा नंबर कुणाचा’ याच्या याद्या गंमत म्हणून का होईना तयार होत असतील, किंवा शस्त्रांची माहिती शोधली जात असेल, तर समुपदेशनाची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. या मुलीत यातलं काही नव्हतं.

फोटो अजून कपाटावर आहे. निकालाच्या दिवसाची तयारी मात्र आधीच करून ठेवली आहे. पहिले 24 तास मुलगी काहीही पोस्ट करणार नाही, आई त्या संध्याकाळी घरी असेल. आणि निकाल काहीही लागो, ‘बघ, मी म्हणालो होतो’ हे वाक्य वडील उच्चारणार नाहीत. ही शेवटची अट लिहून घ्यायला मुलीनेच लावली, आणि वडिलांनी सही करताना तीच अट तिलाही लागू करून घेतली.