वाचकांचे प्रश्न : झॅबिक्सचा बॅकअप नव्या मशीनवर चढवताना

प्रश्न (हिंगणा एमआयडीसी, नागपूर) : कारखान्यातल्या सर्व्हर-स्विचवर लक्ष ठेवायला झॅबिक्स ६.४ हे सॉफ्टवेअर आहे, डेटाबेस मायएसक्यूएल ८. मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला आणि मशीनच गेलं. रात्रीचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) हाताशी आहे. नव्या मशीनवर तो चढवताना थोड्याच वेळात ‘एरर १४१९’ येऊन काम थांबतं. ‘फोर्स’ पर्याय लावला की शेवटपर्यंत जातं. तसंच वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही. फोर्सने चूक दुरुस्त होत नाही, फक्त ओलांडली जाते. डंपमध्ये टेबलं नावाच्या क्रमाने येतात आणि प्रत्येक टेबलाच्या माहितीमागून त्याचे डेटाबेस-ट्रिगर येतात. (हे ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या आज्ञा, झॅबिक्सचे इशारे नव्हेत; दोन्हींचं नाव एकच असल्याने गोंधळ होतो.) मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) मुळातच चालू असतो आणि साध्या युजरला ट्रिगर बनवू देत नाही. म्हणून ट्रिगर असलेलं पहिलंच टेबल लागलं की गाडी अडते.

फोर्स लावल्यावर टेबलं भरतात, ट्रिगर मात्र गळतात. ६.४ मध्ये होस्ट (देखरेखीखालचं मशीन) किंवा आयटम (त्यावर मोजायची एक गोष्ट) बदलला की हेच ट्रिगर ‘चेंजलॉग’ टेबलात नोंद करतात आणि ती वाचून सर्व्हर बदल उचलतो. नोंदच नाही, तर वेबवर तुम्ही बदल कराल, तो तिथे दिसेलही, पण सर्व्हरला पत्ता लागणार नाही. असा दोष महिनाभराने सापडतो, तोवर कारण कुणाला आठवत नाही.

डेटाबेस उडवून पुन्हा सुरुवात करा. आधी डंप तपासा : फाइलची शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ अशी हवी. ती नसेल तर बॅकअप अर्धाच आहे, आदल्या दिवशीचा घ्या. स्क्रिप्टमध्ये डंप थेट जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडलेला असतो तेव्हा डंप मध्येच मेला तरी जीझिप ‘यशस्वी’ म्हणून मोकळा होतो. बॅश स्क्रिप्टमध्ये ‘पाइपफेल’ (जोडलेल्यांपैकी एक जरी फसला तरी सगळं अयशस्वी धरणारी सेटिंग) चालू ठेवलं की ही लबाडी पकडली जाते.

मग नव्या मशीनवर ६.४ चीच पॅकेजेस टाका, पण झॅबिक्स सर्व्हिस सुरू करू नका. रिकामा डेटाबेस बनवा, कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४, कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचा नियम) त्याचंच ‘बिन’. पॅकेजसोबत येणारा कोरा स्कीमा (रिकाम्या टेबलांचा आराखडा) त्यात भरायचा नाही, टेबलं डंपमधूनच येतात. जुन्या नावाचा युजर जुन्याच होस्टसकट (इथे होस्ट म्हणजे युजरच्या नावात ‘@’ पुढे येणारा पत्ता) आधी तयार करा. ट्रिगरवर त्याचं नाव कोरलेलं असतं. तो नसेल तर पुढे होस्ट बदलताना एरर १४४९ येईल. आता रूट युजरने ‘लॉग-बिन-ट्रस्ट-फंक्शन-क्रिएटर्स’ १ करा, डंप चढवा, झाल्यावर पुन्हा ०. शेवटी ‘शो ट्रिगर्स’ देऊन यादी रिकामी नाही ना, ते बघा.

वेळ हिस्टरीच्या (मोजलेल्या आकड्यांच्या) टेबलांत जातो. इनोडीबी बफर पूल (मायएसक्यूएलने डेटासाठी राखलेली मेमरी) मुळात फक्त १२८ एमबी असतो; १६ जीबीच्या मशीनवर आधीच ८ जीबी करून ठेवा. काम ‘स्क्रीन’मध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवा, नाहीतर लॅपटॉपचं वायफाय तुटलं की सगळं पहिल्यापासून.

डेटाबेसबाहेरच्या गोष्टी डंपमध्ये येत नाहीत : सर्व्हरची आणि वेबची कॉन्फ (सेटिंगची) फाइल, अलर्ट स्क्रिप्ट, एक्स्टर्नल स्क्रिप्ट. जुनी डिस्क वाचता येत असेल तर आजच काढून घ्या.

प्रश्न (धंतोली, नागपूर) : रिस्टोअर झालं, होस्ट सगळे दिसतात, पण ग्राफ जुन्या तारखेलाच थांबलेत. नव्या मशीनचा आयपी वेगळा आहे, जुनं मशीनही चालू आहे.

उत्तर : एजंटच्या (प्रत्येक मशीनवर बसून माहिती देणाऱ्या झॅबिक्सच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फमध्ये ‘सर्व्हर’ आणि ‘सर्व्हरअ‍ॅक्टिव्ह’ या दोन्ही ओळींत जुना आयपी आहे. अनोळखी पत्त्याला एजंट दारातूनच परत पाठवतो. त्याच्या लॉगमध्ये ‘रिजेक्टेड’ शब्द दिसेल. शंभर ठिकाणी फाइल बदलत बसण्यापेक्षा जुनं मशीन बंद करून त्याचाच आयपी नव्याला द्या. स्विचच्या एसएनएमपी (स्विचकडून माहिती विचारण्याची पद्धत) परवानगी-यादीतही तोच पत्ता असतो, तेही काम वाचतं. त्यानंतर फायरवॉल : नव्या मशीनवर पोर्ट १००५१, एजंटकडे १००५० उघडा.

जुनं मशीन आजच थांबवा. दोन्ही चालू राहिली तर एकाच बिघाडाचे मेसेज दोनदा जातील, आणि नव्याला एजंट दाद देत नसल्याने त्याचे इशारे खोटेच असतील.

एजंटच्या पीएसके चाव्या (सर्व्हरशी संवाद गुप्त ठेवणाऱ्या) पुन्हा भरू नका, त्या डेटाबेससोबत आल्या आहेत, आणि तेही उघड्या अक्षरांत. त्यामुळे डंपची फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वस्तू नव्हे.

प्रश्न (बुटीबोरी) : डंप ५.० चा आहे. नव्या मशीनवर थेट ७.० टाकू का?

उत्तर : चालतं. ७.० चा सर्व्हर सुरू होताना टेबलं स्वतःच बदलतो, मधल्या आवृत्त्या टाकायची गरज नाही. लॉगमध्ये टक्के सरकताना दिसतील. ते चालू असताना सर्व्हिस मारू नका. मायएसक्यूएल मात्र ७.० ला चालेल इतकं नवं हवं. एकदा बदललेल्या डेटाबेसवर ५.० सुरूच होत नाही, तेव्हा मूळ डंप जपून ठेवा. जुने एजंट तसेच चालतील, प्रॉक्सी (सर्व्हरसाठी माहिती गोळा करणारे मधले प्रोग्रॅम) असतील तर त्या सर्व्हरबरोबरच ७.० वर न्या.