लेहला गेल्यावर रक्त वाढतं म्हणतात. पण ऑक्सिजन कमी आहे हे पेशीला कळतं कसं?

पीएचडीची सुरुवातीची दोन वर्षं मी याच प्रश्नात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या पेशी हिफ-1 अल्फा नावाचं प्रोटीन सतत बनवत असतात आणि बनवल्या बनवल्या मोडूनही टाकतात. ऑक्सिजन भरपूर असेल तर त्याचं अर्धायुष्य जेमतेम 5 मिनिटं. एवढी उधळपट्टी कशाला, असं मलाही वाटायचं. पण मेख तिथेच आहे. मोडण्याआधी एक एन्झाइम या प्रोटीनवर खूण करतं, त्यातल्या दोन ठरावीक प्रोलिनांवर (प्रोलिन म्हणजे प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवतं. त्यासाठी लोह लागतं आणि ऑक्सिजनही लागतो. आपण श्वासातून घेतो तोच. खूण दिसली की व्हीएचएल नावाचं प्रोटीन त्याला पकडतं आणि त्याची रवानगी प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्रात, होते. ऑक्सिजन कमी पडला की खूण करायचं सामानच अपुरं. मग हिफ साचतं, केंद्रकात जातं, हिफ-1 बीटा या जोडीदार प्रोटीनशी जोडी जमवून डीएनएवर बसतं आणि शेकडो जनुकं चालू करतं: नव्या रक्तवाहिन्यांची, ग्लुकोज आत ओढण्याची, ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढण्याची. नवं काही बनवत बसावं लागत नाही, म्हणून हे इतकं झटपट होतं.

झटपट म्हणजे किती, ते मी हात पोळून शिकलो. 1 टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमधून पेशींची प्लेट काढून मी शेजारच्या खोलीत नेली, सावकाश धुतली. ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन आहे का ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, हिफचा बँडच नाही! तेवढ्या वेळात साध्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते मोडून गेलं होतं. तीनदा असंच झालं. नंतर चेंबरच्या दाराशीच बर्फ ठेवून तिथल्या तिथे पेशी फोडल्या, तेव्हा पहिल्यांदा काळाभोर बँड दिसला. त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो.

आता लेहचं. तिथे, 3500 मीटरवर, किडनीतल्या पेशींमध्ये मुख्यतः हिफचा भाऊबंद हिफ-2 एरिथ्रोपोएटिनचं (लाल पेशी वाढवायला सांगणाऱ्या हार्मोनचं) जनुक चालू करतो आणि अस्थिमज्जा लाल पेशी वाढवते. याला आठवडे लागतात. पहिल्या दोन दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, ते बहुतांशी रक्तातलं पाणी घटल्यामुळे.

याच शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं. आणि खूण करणारं ते एन्झाइम अडवणारी डेसिडुस्टॅट ही गोळी आपल्याकडे 2022 पासून किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियावर देतात. रुग्ण घरीच असतो, पण त्याच्या पेशी उंचावर गेल्यासारख्या वागतात.