वजन नॉर्मल असेल तर मुलीला आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेरचं खाऊ घातलेलं चालतं का?

आठवड्यातून तीन-चार वेळा? नाही. एकदा चालेल, आणि त्या एकदाचा कुणी बाऊ करू नये.

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, दोघंही नोकरीला, लोकलनं घरी पोचेपर्यंत साडेसात होतात, तोवर ती आजीजवळ असते. येताना स्टेशनबाहेरून कधी वडापाव, कधी फ्रँकी, कधी गाडीवरचे शेझवान नूडल्स येतात, मधूनच पिझ्झा. सासूबाई म्हणतात बाहेरचं सगळं बंद करा, डॉक्टर म्हणतात वजन व्यवस्थित आहे. शाळेत आणि शाळेबाहेर जे विकलं जातं त्याचं काय, असंही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, 'बाकी घरी साधंच असतं, सकाळी दूध-बिस्किट, शाळेतून आल्यावर एखादं पाकीट.' मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांपैकी बरेच जण हे वाक्य असंच जाता जाता टाकतात. मला तेच सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येते, आधी वजनाचं.

वजन नॉर्मल म्हणजे खाणं नॉर्मल, असं नसतं. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारनं मुलांच्या पोषणाचं देशभर सर्वेक्षण केलं होतं. पाच ते नऊ वर्षांच्या गटात वजन जास्त असलेली मुलं शंभरात चारच्या आसपास निघाली. पण त्याच गटात जवळपास चारातल्या एका मुलाला रक्तक्षय होता आणि साधारण दहातल्या एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्याकडे झुकलेली होती. म्हणजे काट्यावर ठीक दिसणाऱ्या मुलांतही आतून गडबड असू शकते. काटा फक्त किलो सांगतो, हिमोग्लोबिन सांगत नाही.

आता वडापाव. त्याला मी राक्षस ठरवणार नाही, मी स्वतः खाते. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणीत जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, कमी पैशात पोट भरायला काहीतरी हवं होतं. अंगमेहनत करणाऱ्यासाठी तो चोख होता. आठ वर्षांच्या मुलीचा दिवस वेगळा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं सात ते नऊ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं आणि १५ मिलिग्रॅम लोह लागतं. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी जातात, त्याही बटाटा, मैदा आणि तेल यांच्या. सोबत २५० मिलीचं कोल्ड्रिंक आलं की आणखी शंभरेक कॅलरी, सगळ्या साखरेच्या. हे साडेसातला पोटात गेलं की साडेनऊच्या ताटातली आमटी नको होते, भाजी नको होते, अर्धी पोळी दह्याशी कशीबशी संपते. वडापावानं काय बिघडवलं ते वडापावात शोधू नका, रात्री ताटात उरलेल्या पालेभाजीत शोधा. आठवड्यातून एकदा असं झालं तर शरीर सांभाळून घेतं. तीन-चार वेळा झालं तर निम्म्या आठवड्याची लोह-कॅल्शियमची कमाई गेली.

तेलाचं मात्र बघत जा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासून नियम आहे की तळून तळून तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब होताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. गाडीवर कोण मोजतंय! पण कढईत तेल काळपट आणि चिकट दिसत असेल, फेस धरत असेल, धूर डोळ्यांत जात असेल, तर त्या दिवशी तिथून घेऊ नका. एवढं आपल्या हातात आहे.

चायनीजच्या गाडीबद्दल सगळे अजिनोमोटोला घाबरतात. मिठाला कुणीच घाबरत नाही. झटपट नूडल्सच्या एका नेहमीच्या पाकिटात साधारण दोन ग्रॅम मीठ असतं, आणि मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची मर्यादा त्याहून खाली. त्या हिशेबात शेझवान सॉस धरलेलाच नाही.

आता ते 'घरी साधंच असतं'. आपल्याकडे फास्ट फूड म्हटलं की डोळ्यांसमोर दुकानाची पाटी येते, काचेचं दार येतं. पण आठवड्याचे सातही दिवस पोटात जाणारं फास्ट फूड स्वयंपाकघरातल्या फळीवर असतं: ग्लुकोजची बिस्किटं, क्रीमची बिस्किटं, टोस्ट, खारी, चॉकलेटचे चोकोस, दुधात घालायची पावडर, केचपची बाटली, आंब्याच्या पेयाचं खोकं, पाच-दहा रुपयांची चिप्सची पाकिटं. ग्लुकोज बिस्किटांच्या दर १०० ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चौथा हिस्सा. आंब्याच्या खोक्यातल्या पेयात बहुधा दर १०० मिलीला १० ते १५ ग्रॅम. मोठा चमचाभर केचपमध्ये छोटा चमचाभर साखर. जागतिक आरोग्य संघटनेची जी कडक शिफारस आहे, एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत वरची साखर, ती १७०० कॅलरींना लावली तर दिवसाला २१ ग्रॅम भरते. सकाळी दुधातली पावडर आणि चार-सहा बिस्किटं, संध्याकाळी एक खोकं, की संपला दिवस. अजून वडापावचं नावही निघालेलं नाही.

दुधातल्या पावडरीबद्दल जरा जास्तच राग आहे माझा, तो सहन करा. 'उंची वाढते, बुद्धी वाढते' म्हणून ती घराघरात गेली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. संकेतस्थळांवरून सदर गेलं, फळीवरचा डबा कुठे गेला? कॅल्शियमच द्यायचं असेल तर दूध आहेच, आणि नाचणीत दर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. नाचणीची खीर किंवा आंबील त्या डब्याच्या कितीतरी पुढे आहे आणि पैसेही कमी लागतात.

पाकीट विकत घ्यायचंच असेल तर मागची बाजू वाचा, पुढची नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असते. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर पुढे 'ओट्स', 'मल्टीग्रेन', 'सूर्यप्रकाशातलं जीवनसत्त्व' काहीही असो, तो पदार्थ मैदा, साखर आणि पामतेलाचाच.

'पण ती थोडंसंच खाते' असंही ऐकू येतं. हे पदार्थ थोडे खाल्ले जावेत म्हणून बनवलेलेच नसतात. अमेरिकेत २०१९ मध्ये केव्हिन हॉल या संशोधकानं वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. ही मोठी माणसं होती, पोट भरलं की थांबावं हे कळणारी. आठ वर्षांच्या मुलीकडून कसली अपेक्षा करायची!

मग करायचं काय? तुमची अडचण रात्रीच्या जेवणाची नाही, संध्याकाळच्या पाचची आहे. मधल्या सुट्टीत अर्धा डबा खाऊन, बसमध्ये धक्के खाऊन पोर घरी येते तेव्हा तिला खरोखर कडकडून भूक लागलेली असते. आजी दमलेल्या असतात, गॅसपाशी उभं राहणं नको वाटतं, म्हणून पाकीट फुटतं. त्यावर साडेसातला तुम्ही वडापाव घेऊन येता. पाच वाजता पोटभर खाणं मिळालं तर साडेसातचा वडापाव आपोआप गळतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्यामुळे सकाळी डबा करतानाच पाचचं काढून ठेवा. दोन पोळ्या जास्त लाटा: संध्याकाळी फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून पोळीचा लाडू. तो तर मुलगी स्वतःसुद्धा वळेल. रविवारी मटकी भिजवून मोड आणा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. चुरमुरे, फुटाणे, दाणे, कांदा, टोमॅटो आणि वाफवलेली मटकी घालून लिंबू पिळलं की भेळ झाली. अंडी चालत असतील तर सकाळीच दोन उकडून फ्रीजमध्ये ठेवा. मुगाच्या धिरड्याचं पीठ, दडपे पोहे, शिकरण, हाळिवाचा लाडू, दही-भात. यातलं बहुतेक आजींना दहा मिनिटांत देता येतं. आणि फ्रँकीच हवी असेल तर कालच्या पोळीत उसळ किंवा अंड्याची पोळी गुंडाळा, वर कच्चा कांदा आणि चाट मसाला. मुलांना आवडतो तो गुंडाळलेला आकार आणि चटपटीतपणा. आत मैदाच हवा असा त्यांचा हट्ट नसतो.

पूर्ण बंदीच्या मी विरोधात आहे, त्यामुळे सासूबाईंशी इथे माझं जमणार नाही. लीन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर प्रयोग केले होते. समोर दिसणारा पण हात लावायची मनाई असलेला खाऊ मुलांना आणखी हवासा झाला आणि मोकळीक मिळताच त्यांनी तो जास्त खाल्ला. आपल्याकडे याचा पुरावा कुठल्याही वाढदिवसाला मिळतो. ज्या घरात वेफरला बंदी असते, त्या घरचं पोर वेफरच्या ताटलीपासून हलत नाही.

म्हणून वार ठरवा. शनिवार म्हणा. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून, बसून, आवडीचं बाहेरचं खायचं, आणि ते काय असेल ते मुलीनं ठरवायचं. सोबत पाणी किंवा ताक, कोल्ड्रिंक नाही. या एका गोष्टीवर मी हटून बसते. मित्रमैत्रिणींचे वाढदिवस वेगळे, ते मोजू नका. दोन गोष्टी मात्र टाळा. एक म्हणजे बक्षीस म्हणून पिझ्झा. गणितात चांगले मार्क पडले की पिझ्झा, म्हणजे भाजी-पोळी ही शिक्षाच ठरली की! दुसरी म्हणजे उशीर झाला म्हणून आणलेला खाऊ. याबद्दल रागावू नका, पण दिवसभर लेकरू दिसलं नाही या हुरहुरीपोटी आपण बरंच काही विकत घेतो. साडेसातला तुम्ही रिकाम्या हातानं आलात तरी ती धावत येणारच आहे.

शाळेबद्दल विचारलंत म्हणून. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्येच शाळेच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंक वगैरेंवर बंदी घातली. पुढे केंद्राच्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई केली. फाटकाबाहेर काय दिसतं ते तुम्हीही रोज बघता. पालकसभेत हे नियम नाव घेऊन विचारा. 'वरून आदेश आहे' म्हटल्यावर शाळा जरा हलतात.

सासूबाईंचं निदान बरोबर आहे, फक्त त्यांची यादी अर्धी आहे. त्यात चहा-खारी घाला. नातीला संध्याकाळी बशीत ओतून दोन घोट चहा देत असतील, आणि बहुतेक घरांत देतातच, तर तेवढं प्रेमानं थांबवा. जेवणाच्या आसपास घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी आपल्या आईला सांगितलेलं बरं.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा वजनाबरोबर उंचीचा आलेख मागा, हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. शी रोज होते का, खडा होतो का, हेही सांगा. बिस्किट-मैद्यावर वाढणाऱ्या मुलांत बद्धकोष्ठता फार दिसते आणि आईबाबा ती सांगायचं विसरतात. हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आलं तर खाण्यातल्या बदलावर विसंबून राहू नका, औषध डॉक्टरच ठरवतील.