चेंडूच नसलेल्या खेळात कॅमेरा बघणार कुठे?

प्रश्न : आमचं मंडळ दर जानेवारीत मॅटवर जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धा भरवतं. सामने यूट्यूबवर लाइव्ह जातात. गेली सात-आठ वर्षं तालुक्यातलाच एक कॅमेरामन हे काम करतो. यंदा एका विक्रेत्याने माणसाविना चालणारा एआय कॅमेरा दाखवला. ‘खांबावर लावा आणि निर्धास्त व्हा,’ असं त्याचं म्हणणं. कमिटीत दोन तट पडलेत. घ्यावा का?
– कार्यवाह, कबड्डी मंडळ, वाळवा तालुका

उत्तर : कार्यवाहसाहेब, कबड्डीसाठी घेऊ नका. कारण नीट सांगते, म्हणजे कमिटीपुढे ठेवता येईल.

या यंत्रात बहुधा फिरणारं काही नसतं. एका डब्यात दोन-चार लेन्स शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. प्रत्येक लेन्स मैदानाचा एकेक तुकडा टिपते आणि ते तुकडे सांधून अख्ख्या मैदानाचं एक रुंद चित्र तयार होतं. मग सॉफ्टवेअर त्यात चेंडू आणि खेळाडू शोधतं आणि तेवढीच चौकट कापून आपल्याला दाखवतं. चौकट सरकली की कॅमेरा वळल्यासारखा वाटतो. इस्रायलची पिक्सेलॉट, डेन्मार्कची वेओ यांची नावं तुम्ही ऐकली असतील. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानावर ही युक्ती खरोखर कामाची आहे, कारण तिथे सगळं मैदान एका चौकटीत घेतलं तर खेळाडू मुंगीएवढे दिसतात.

तुमचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १०, महिलांसाठी १२ बाय ८. मध्यरेषेच्या समोर थोड्या उंचीवर साधा कॅमेरा घट्ट बांधला तरी चौदाही खेळाडू स्पष्ट दिसतात. जिथे चौकट सरकवायचीच नाही, तिथे ती सरकवणाऱ्या यंत्राला पैसे कशाला मोजायचे?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चेंडूच्या खेळात कुठे बघायचं ते बरंचसं चेंडूच सांगतो, तरीही यंत्र चुकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला एअर युनायटेडविरुद्धचा सामना असा स्वयंचलित कॅमेरा दाखवत होता. कोविडमुळे प्रेक्षकांना मैदानात प्रवेश नव्हता, सगळे घरून बघत होते. कॅमेऱ्याने लाइन्समनचं टक्कल चेंडू समजून धरलं आणि तो पुन्हा पुन्हा तिकडेच वळत राहिला. समालोचकाला प्रेक्षकांची माफी मागावी लागली. मी स्वतः एका शालेय फुटबॉल स्पर्धेत भाड्याने आणलेल्या अशाच कॅमेऱ्याजवळ उभी होते. पुढच्या सामन्याची मुलं रेषेबाहेर सराव करत होती आणि चौकट अधूनमधून त्यांच्या चेंडूकडे जायची. त्या दिवशीचा एक गोल आमच्याकडे नाहीच. ज्या मुलाने तो मारला, त्याचे वडील संध्याकाळी क्लिप मागायला आले. त्यांना काय सांगणार?

कबड्डीत तर चेंडूच नाही. मग यंत्र माणसांचा घोळका बघतं. पण तुम्हाला ठाऊक आहे, चढाईचा निकाल घोळक्यात लागत नाही. बोनसचंच घ्या. समोर सहा किंवा सात बचावपटू आहेत, चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. टाच उचलली पण चवडा मॅटला चिकटलेला राहिला, तर गुण नाही. हा दोन बोटांचा फरक खांबावरून दिसत नाही. तो दिसतो रेषेच्या सरळ रेषेत, जमिनीलगत बसून. मी सव्वीस वर्षं मैदानावर कॅमेरा धरला, त्यातला किती काळ मांडी घालून अशा रेषांच्या टोकाशी गेला! आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’, म्हणजे गुण मिळव नाहीतर बाद हो, हे जाणणारा कॅमेरामन पंचांनी सांगायच्या आधीच चौकट आवळतो. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा, दोघांनी हातात हात घट्ट केला की पकड येणार, हे तो ओळखून असतो. तुमच्या माणसाने सात-आठ हंगामांत हे कमावलंय. त्याला घालवू नका.

म्हणून माझा सल्ला असा. उंचावर एक साधा कॅमेरा कायमचा बांधा, त्याला माणूस लागणार नाही. तुमच्या कॅमेरामनला दुसरा कॅमेरा देऊन खाली, बाजूच्या रेषेजवळ, मैदानात लुडबूड होणार नाही अशा अंतरावर बसवा. लॅपटॉपवर किंवा छोट्या स्विचरवर दोन्ही चित्रं बदलायला एक कबड्डी खेळलेला पोरगा आणि दोघांना हेडफोन. बाकीचे पैसे दिव्यांवर घाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. नाहीतर चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि लोकांना वाटतं कॅमेरा बिघडलाय. मोबाइलच्या नेटवर विसंबू नका, शेजारच्या घरातून केबलचं कनेक्शन घ्या. फायनलला गर्दी जमली की टॉवर दमतो.

माझा या यंत्राला विरोध नाही. तालुक्यातल्या शाळांच्या मुलींचे फुटबॉल सामने कुणीच चित्रित करत नाही. तिथे चार शाळांनी मिळून असा एक कॅमेरा घेतला तर खांबावर चढवायला मी स्वतः येईन. त्यात पूर्ण मैदानाचं चित्र जपून ठेवता येत असेल तर चौकट चुकली तरी गोल हरवत नाही आणि चेंडूपासून लांबची बचावफळी कशी उभी होती तेही प्रशिक्षकाला दाखवता येतं. खरेदी करताना ही सोय आधी विचारा. आणि पालकांची परवानगी घेतल्याशिवाय मुलींचं चित्रण ऑनलाइन टाकू नका.

प्रश्न : २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये ऑफसाइड मशीन दाखवत होतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असा एक कॅमेरा लावून ते जमेल का?
– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर

उत्तर : एका कॅमेऱ्यावर नाही. पास सुटला त्या क्षणी स्ट्रायकर शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे होता का, यावर ऑफसाइड ठरतो. कतारमध्ये छताखाली १२ कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा मोजत आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवी, त्यामुळे पास नेमका कधी सुटला ते कळे. एवढं असूनही व्हिडिओ पंच आधी तपासून बघत, मगच मैदानावरच्या पंचांना कळवत. आपला साधा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. सेकंदाला सात मीटर धावणारा स्ट्रायकर दोन चित्रांच्या मध्ये २८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर पुढे गेलेला असतो. पेठांच्या सामन्यात त्या फूटभरावरून काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. लाइन्समनचा झेंडाच माना.