पारव्यांवर लेझर मारू का?

प्रश्न: ताई, पुण्यात आमच्या घरामागे पारव्यांनी नुसता उच्छाद मांडलाय, वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण, शेडच्या पत्र्याखाली घरटी. मुलाने ऑनलाइन हिरवा लेझर मागवलाय, चालेल का?

उत्तर: नका हो वापरू. भर उन्हात तो ठिपका धड दिसतही नाही, अंधारून आल्यावर मारला तर पारवे दचकून उडतात खरे पण थोड्या वेळाने त्याच पत्र्यावर येऊन बसतात, सवय होते त्यांना. आणि डोळ्यांचं काय? स्वस्तातला लेझर बरेचदा लिहिलेल्या आकड्यापेक्षा जोरदार निघतो, थेट डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होऊ शकते, पक्ष्याच्याही आणि शेजारच्या खिडकीतल्या पोराच्याही. त्यात लोहगावची विमानं, किरण वर गेला की पायलटचे डोळे दिपतात.

आधी दाणे टाकणं बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा. पत्र्याखालची फट नायलॉनच्या जाळीने बंद करा, जाळी ताणून बांधा कारण एक कोपरा जरी सैल राहिला तरी पारवा तिथूनच आत शिरतो. मात्र घरट्यात अंडी असतील तर थांबा, साधारण १८ दिवसांत पिल्लं निघतात, पुढे महिनाभरात उडतात. विष्ठा खरवडण्याआधी पाणी मारा, मास्क लावा, ती सुकी धूळ फुफ्फुसांना फार वाईट.