परत आलेल्या माणसाला आधी बसायला सांग

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला होता पण डोळे मिटत होते, म्हणून आत्ता नीट लिहितेय. आपल्या एचआयव्हीच्या रजिस्टरमध्ये एलएफयूची, म्हणजे उपचार मध्येच सोडून गेलेल्यांची, लाइन एवढी लांब बघून तुला वाटलं की आपण समजावण्यात कमी पडतोय. मला तसं वाटत नाही. समजावणं आपण भरपूर करतो गं, विचारत मात्र काहीच नाही.

गोळी रोज घ्यायची, बंद केली तर काही आठवड्यांत व्हायरस पुन्हा डोकं वर काढतो, हे बहुतेकांना पाठ असतं. माणूस सुटतो तो भलत्याच कारणाने. दर महिन्याला सुट्टी काय सांगून मागायची, रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर काय, गोळ्यांची बाटली घरात कुठे ठेवायची. माझ्याकडे एक बाई यायच्या, बाटली हातात पडली की तिथेच बसून तिच्यात कापूस कोंबायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, मॅडम, पर्समध्ये गोळ्या वाजतात, बाजूला बसलेला माणूस विचारतो कसल्या आहेत. तोपर्यंत त्यांना मी ॲडहेरन्सवर, म्हणजे गोळ्या न चुकता घेण्यावर, चार वेळा लेक्चर दिलं होतं, आणि गोळ्या घरी नेता कशा, ठेवता कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. एक तरुण मुलगा दोन महिने चुकवून आला होता, त्या दिवशी ओपीडी तुडुंब, मी वैतागलेली, आणि सगळ्यांसमोर बोलून गेले की जिवाची काही किंमत आहे की नाही तुला. तो मान खाली घालून गोळ्या घेऊन गेला तो चौदा महिने आलाच नाही. आला तेव्हा टीबी झालेला, सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 200 च्या बराच खाली, शर्ट अंगावर नुसता लटकत होता. वाचला तो, आज बरा आहे. पण ते चौदा महिने माझ्या एका वाक्याने गेले असं मी आजही मानते, कोणी कितीही समजूत घातली तरी.

म्हणून गॅप पडून आलेला माणूस दारात दिसला की पहिलं वाक्य "बरं झालं आलात". बसव. मग "मध्ये काय झालं होतं?" असं विचार, "का नाही आलात?" असं नको, दुसऱ्या प्रश्नाला माणूस फक्त सबब सांगतो. गोळ्यांचंही तसंच, बऱ्याच जणांची एखादी राहून जाते, तुमच्या गेल्या आठवड्यात किती राहिल्या, असं विचारलंस तर खरा आकडा येतो. आणि त्याला नुसती पुढची तारीख देऊन पाठवू नकोस, त्याच दिवशी तपासणी होऊन गोळ्या मिळतील का ते डॉक्टरांच्या मागे लागून बघ. खोकला, ताप, वजन उतरणं हे विचारायचंच. डोकं सारखं दुखतंय किंवा मान आखडलीय म्हणाला तर मात्र गोळ्यांची घाई नको, आधी डॉक्टर.

फोनचं म्हणशील तर 28 दिवस उलटले की उपचार तुटला असं धरतात, पण तू तिथवर थांबूच नकोस, तारीख चुकली की दोन-तीन दिवसांत फोन कर. फक्त फोन कोण उचलेल सांगता येत नाही ना, त्यामुळे कोणत्या नंबरवर करू, किती वाजता, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेव. असा एक चुकीचा फोन गेला की तो माणूस आपल्याकडे पुन्हा फिरकत नाही.

ज्यांचं सगळं नीट चालू आहे त्यांना दर महिन्याला खेपा घालायला लावणं मला पटत नाही. डब्ल्यूएचओ 2016 पासून सांगतेय, स्थिर पेशंटला 3 ते 6 महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. मीटिंगमध्ये हा विषय काढ, नवीन आहे म्हणून गप्प बसू नकोस.

आणि व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट नुसता फाइलला लावू नकोस गं, त्यांच्या समोर ठेव. 2019 मध्ये छापून आलेल्या 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात 782 पुरुष जोडपी होती, एक जोडीदार पॉझिटिव्ह पण गोळ्यांनी व्हायरस दबलेला, कंडोम वापरत नव्हते, आणि त्याच्याकडून दुसऱ्याला लागण झाल्याची एकही केस निघाली नाही. व्हायरस सापडतच नसेल तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे ऐकताना लोकांचे चेहरे बघ. कित्येक जण वर्षानुवर्षं जोडीदाराच्या जवळ जायलाही घाबरलेले असतात आणि आपण त्यांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढंच सांगून घरी पाठवतो.

सोमवारी त्या लांब लिस्टमधली पाचच नावं काढ, सगळी नको. फोन कर आणि कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव, आपल्या भाषेत करू नकोस. संध्याकाळी मला वाचून दाखव, मी सहानंतर मोकळी आहे.