मेहुण्याला एजंटचा फोन गेला, आता काय तोंड दाखवू?

"मावशी, अंबड एमआयडीसीत क्वालिटीला होतो, फेब्रुवारीत कंपनीनं ब्रेक दिला. एका क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार, दुसऱ्यावर ९५ हजार थकलेत. एकाचं मिनिमम भरायला दुसऱ्यावरून कॅश काढायचो, आता तेही बंद झालं. रात्री नऊ-साडेनऊला एजंटचे फोन येतात, पोलीस घेऊन येतो म्हणतो. परवा तर माझ्या मेहुण्याला लावला. बायकोला एकच कार्ड माहितीय. एक लोन ॲप पन्नास हजार देतंय, घेऊ का? कधी वाटतं गाडीला किक मारून कुठंतरी निघून जावं."
– नाशिकचा एक वाचक

अरे बाबा, आधी ते ॲप मोबाईलमधून उडव आणि मग पुढचं वाच. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत इतके महिने काढलेस, आता तिसरं डोकं शोधू नकोस. असली बरीच ॲपं कॉन्टॅक्ट लिस्ट मागतात, मग एका मेहुण्यावर भागणार नाही, शाळेतल्या मित्रांपर्यंत सगळ्यांना फोन जातील.

आणि ते किक मारून निघून जाण्याचं वाचून मी जरा थांबले. वैताग असेल तर समजू शकते, पण त्याच्या पुढचं काही मनात येत असेल तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लाव, फुकट आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं.

आता बायको. आज जेवणं झाली की दोन्ही कार्डांची स्टेटमेंटं तिच्यापुढं ठेव, दोन्ही म्हणजे दोन्ही. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, चिडू दे की. तू लपवतोयस म्हणून तर त्या एजंटचं फावतंय, त्याच्या हातात दुसरं आहे काय? दाजींनाही तूच फोन लाव आणि सरळ सांग, "दाजी, नोकरी गेलीय, कार्डाचे पैसे थकलेत, तुमच्याकडं मागायला फोन केलेला नाही, परत कुणाचा आला तर माझा नंबर द्या आणि ठेवून द्या." एवढंच. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा वाण्याची उधारी होती, तो बिचारा कधी दारात आला नाही पण मी मात्र सहा महिने मागच्या गल्लीतून भाजी आणायला जायचे, त्यामुळं ही लाज काय असते ते मला सांगू नकोस.

एजंटचं म्हणशील तर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच बँकांना बजावलंय, वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी नाहीत आणि संध्याकाळी सातनंतर नाहीत, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना-मित्रांना त्रास नाही. म्हणजे साडेनऊचा फोन चुकीचा आणि दाजींना लावलेला तर त्याहून चुकीचा. कॉल रेकॉर्ड कर, तारीख-वेळ वहीत लिही आणि बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, ऑनलाइन होतं, पैसे पडत नाहीत, माहितीला १४४४८ नंबर आहे. पोलिसांचं म्हणाल तर नुसतं कार्डाचं बिल थकलं म्हणून कुणी बेड्या घालत नाही, तो दिवाणी मामला आहे. फक्त एजंटच्या दबावाखाली पुढच्या तारखेचा चेक देऊ नकोस, तो बाउन्स झाला तर मात्र फौजदारी केस होऊ शकते. आणि एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपया टाकायचा नाही, भरशील ते बँकेच्या ॲपवरून.

कोर्टाची किंवा लोकअदालतीची खरी नोटीस आली तर मात्र जायचं, लोकअदालतीत तर तडजोडच होते.

आता हा हिशोब बघ, मी मुद्दाम कागदावर मांडला. १ लाख ८० हजारांवर महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज ६,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. मिनिमम पाच टक्के म्हणजे ९,००० भरलेस तर मुद्दल कमी झालं फक्त १,५६६ रुपयांनी! आणि कार्डावरून कॅश काढलीस की पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी वेगळी. म्हणून दोन्ही बँकांना लेखी कळव, नोकरी गेल्याची तारीख टाक, रिलीव्हिंग लेटर जोड आणि थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते करून माग, हप्ता झेपेल तेवढाच सांग, जोशात येऊन मोठा आकडा बोलू नकोस. ९० दिवस मिनिममही गेलं नाही की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, त्यानंतर बँका बऱ्याचदा स्वतःच सेटलमेंटचं काढतात, रक्कम कमी होते पण सिबिलमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढं घराचं कर्ज मागायला गेलास की तो आडवा येतो. त्या वाटेनं गेलासच तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, मग पैसे, मग काही देणं बाकी नाही असं 'नो ड्यूज' पत्र.

कंपनीकडून फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे, मिळाले का? पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीही सोडू नकोस. त्यातनं आधी घरभाडं, किराणा, पोरांची फी, कार्डवाले त्यानंतर.

आणि एक, हे सगळं ऐकल्यावर बायको बहुतेक मंगळसूत्र काढून पुढं ठेवेल. सोन्यावरचं कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं हे खरं, पण आत्ता पगार नाही, ते फेडलं नाहीस तर सोनं लिलावात जाईल. नोकरी लागली की तेव्हा दोघं मिळून बघा, तोवर ते तिच्या गळ्यातच राहू दे.